चार ते पाचची मोजणी

मोजण्याच्या कामात मी कुणाला हार जात नाही. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी एकदा लंबकाची चारशे आंदोलनं एका दमात मोजली होती, आणि तीही शेजारच्या टेबलावर दोन मैत्रिणी कात्रीवरून भांडत असताना. उत्तरातली चूक शेकडा अर्ध्याहून कमी निघाली. सरांनी वहीत 'उत्तम' असा शेरा दिला आणि खाली तारीखही घातली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तर असल्या मुलीला रस्ता ओलांडणारी माणसं मोजणं काय कठीण? म्हणूनच त्या रविवारी मी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आत्याच्या घरासमोर मी पट्टे मारून आणते. पांढरे पट्टे. पंधरा दिवसांत."

"कुठून आणणार?" वडिलांनी विचारलं.

"नगरपालिकेतून."

वडिलांचा घास हातातच राहिला. "तुझ्या जन्मदाखल्यावरचं नाव चुकलं होतं. ते दुरुस्त करायला मी तिथे सात वेळा गेलो."

"मग?"

"मग काय. शेवटी दाखल्यावर होतं तेच तुझं नाव ठेवलं."

पण मी मागे हटणार नव्हते, कारण प्रश्न आत्याचा होता.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. शाळेत शिवण शिकवायची, आता निवृत्त. आमच्या गावठाणाच्या मुख्य रस्त्यावर पहिल्या मजल्यावर एकटी राहते. तिच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, सार्वजनिक वाचनालय. तिथे रोज चार वाजता आत्या आणि तिच्या तीन मैत्रिणी एका टेबलाभोवती बसून एकाच वर्तमानपत्रातलं एकच शब्दकोडं सोडवतात. हा कार्यक्रम अकरा वर्षं चालू आहे. निदान महिन्यापूर्वीपर्यंत चालू होता.

अडचण रस्त्याची होती. रस्ता साडेअकरा मीटर रुंद आहे. मी टेपने मोजलाय. आत्याचा वेग, दुखरा गुडघा धरून, सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे पलीकडे पोचायला तेवीस सेकंद. दोन वाहनांमध्ये सरासरी नऊ सेकंदांची फट. उरलेले चौदा सेकंद आत्या निव्वळ लोकांच्या ब्रेकवर जगायची.

महिन्यापूर्वी एका स्कूटरच्या हँडलमध्ये तिच्या पिशवीचा बंद अडकला. आत्याला खरचटलंसुद्धा नाही, पण पिशवी स्कूटरबरोबर पुढच्या चौकापर्यंत गेली आणि आतली कादंबरी ट्रकखाली आली. त्या दिवसापासून आत्याने रस्त्यात पाऊल टाकलं नाही.

"माझं वाचन आता पुरे झालं," ती म्हणायची. "खिडकीत बसलं की सगळं जग दिसतं."

पण चार वाजले की ती खिडकीतून समोर मैत्रिणींना फोन लावायची. "उभा सातवा लागला का गं?"

पलीकडून उत्तर यायचं, "अहो, आज आमचं लवकर आटपलं."

फोन ठेवल्यावर आत्या चष्मा काढून डबीत ठेवून द्यायची. गुडघ्यापेक्षा हे जास्त दुखत होतं, एवढं मलाही कळलं. भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसालाही कधीकधी कळतं.

सोमवारी सकाळी मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात उभी होते. तिथले लिपिक गावभर 'नियमकाका' म्हणून ओळखले जातात. स्वभावाने सज्जन, पण कुठल्याही प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत, नियम देतात.

"पट्टे मिळतील," ते म्हणाले. "साठ लागतात."

"साठ काय?"

"ओलांडण्या. गर्दीच्या एका तासात किमान साठ. तेवढ्या झाल्या तर पट्टे, नाही तर नाही."

"मोजतं कोण?"

"आमच्याकडे मोजणारा होता. निवृत्त झाला."

"कधी?"

काकांनी वर बघितलं. "तेव्हा हा पंखा नवीन होता."

पंख्याकडे बघून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. "मग आता?"

"नागरिकाने मोजलं तरी चालतं. मी हजर राहून सही करीन. गुरुवारी चार ते पाच या वेळात मला सवड आहे."

चार ते पाच! आत्याचीच वेळ. मला वाटलं, ग्रहगोलसुद्धा माझ्या बाजूने फिरतायत.

त्याच दिवशी मी सराव करायला बसले. आत्याच्या घराखाली टेलरकाकांचं दुकान आहे, त्याच्या शेजारी मी खुर्ची टाकली. मांडीवर वही, हातात मोजणीयंत्र. बटण दाबलं की आकडा एकने वाढतो, एवढंच ते करतं; पण हातात धरल्यावर माणसाला फार अधिकार आल्यासारखं वाटतं.

एका तासात सतरा झाले. त्यातलं एक कुत्रं होतं. थोडा विचार करून मी ते वगळलं.

वरून खिडकीतून आत्याने विचारलं, "किती?"

"सोळा."

"आणि ते कुत्रं?"

"कुत्रं धरत नाहीत, आत्या."

"का गं? रोज जातं ते. माझ्यापेक्षा नियमित."

सोळा म्हणजे फारच कमी, पण मी खचले नाही. एका दिवसाच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. मंगळवारी मी पुन्हा बसले.

मंगळवारी चार झाले.

चार! आणि त्यातला एक पोस्टमन, ज्याला पर्यायच नव्हता. बाकी माणसं कडेला यायची, माझ्याकडे बघायची आणि परत वळायची. केस कापणारे दादा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत दुकानाच्या दारापर्यंत आलेलं बघून हाताला धरून आत घेऊन गेले. औषधवाले दुकानदार स्वतः येऊन माझ्यापुढे सरबताचा पेला ठेवून गेले आणि जाताना म्हणाले, "इथे फारशी वर्दळ नसतेच हो. लिहा तुम्ही तसं."

साडेपाच वाजता त्याचा उलगडा झाला. आत्याच्या घरी शिष्टमंडळ आलं: टेलरकाका पुढे, औषधवाले आणि केस कापणारे दादा मागे. तिघेही चपला काढून, हात बांधून उभे.

"ताई," टेलरकाकांनी सुरुवात केली. एरवी ते मला 'काय गं' म्हणतात. "जे काय असेल ते स्पष्ट सांगा. दुकान किती फूट जाणार?"

"कुठे जाणार?"

"रस्ता रुंद होतोय ना? परवा तुम्ही टेपने मोजलात. आता गर्दी मोजताय. आम्हाला काय कळत नाही का? कपडे बेतून आयुष्य गेलं माझं. टेप लावली की पुढे कात्री येते."

म्हणून त्यांनी आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: कुणीही रस्ता ओलांडायचा नाही, गर्दी कमी दिसली पाहिजे. दिवसभर समोरच्या बाजूची गिऱ्हाइकं त्यांनी फोनवर निभावली होती. एका पँटची कंबर तर फोनवरच वाढवून झाली होती.

मी त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. रुंदीकरण नाही. पट्टे. आत्यासाठी. त्यासाठी तासाला किमान साठ.

टेलरकाकांचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा सरळ झाला. "म्हणजे लोक जास्त हवेत?"

"साठ हवेत. पण आपणहून आलेले. तुम्ही कुणी काहीही करायचं नाही. प्रयोगात ढवळाढवळ चालत नाही."

"छे छे. आम्ही कशाला काय करतोय?" टेलरकाका म्हणाले. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो करायला सुरुवात केलेल्या माणसाचा आवाज होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण लंबक कधी असं बोलत नाहीत, त्यामुळे मला सवय नव्हती.

गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना नियमकाका आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "करा सुरू."

पहिली दोन मिनिटं रस्ता रिकामा. मग टेलरकाका दंडावर एक पँट टाकून दुकानातून निघाले आणि पलीकडे गेले. मी बटण दाबलं. एक. ते वळले आणि तीच पँट घेऊन परत आले. मी थांबले.

"काका, हे तेच गृहस्थ आहेत. यांना पुन्हा धरू नये असं माझं मत आहे."

नियमकाकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "नियमात 'ओलांडणी' असं आहे. माणूस असं कुठेही नाही. धरा."

टेलरकाका जाता जाता हे ऐकत होते. ते जागच्या जागी वळले, दोन्ही बाजूंच्या दुकानांकडे बघून हात वर केला आणि म्हणाले, "परत आलेलं धरतात रे!"

त्यानंतर जे झालं त्याला मी पुढची काही वर्षं तरी 'वर्दळ' म्हणणार नाही.

केस कापणारे दादा खांद्यावर टॉवेल टाकून निघाले, मागून गळ्याला कापड गुंडाळलेली तीन गिऱ्हाइकं. औषधवाल्यांनी दुकानातली खोकी एकेक करून पलीकडे नेली आणि एकेक करून परत आणली. समोरून कराटेचा अख्खा वर्ग आला, पांढऱ्या कपड्यांत, दोन रांगांत, प्रत्येक पावलाला हुंकार देत. बँकेतली माणसं आली, त्यांच्यातल्या एकाने मला नम्रपणे विचारलं, "आमच्या शाखेचं वेगळं धराल का?"

चार वाजून अकरा मिनिटांनी साठ झाले. मी उभी राहून ओरडले, "झाले! साठ झाले! आता पुरे!"

कुणालाही ऐकू गेलं नाही.

फर्निचरच्या दुकानातून दोघे जण सोफा घेऊन निघाले. पहिल्या फेरीत सोफा रिकामा होता. तिसऱ्या फेरीत त्यावर दुकानाचे मालक बसले होते.

"हा धरायचा का?" मी विचारलं. तोपर्यंत माझा आवाज बसला होता आणि अंगठा बधिर झाला होता.

नियमकाकांनी कागद बघितला. "पादचारी असा शब्द आहे. उचलणारे दोन धरा. बसलेला सोडा."

मग बस आली आणि अडकली. बसमागे आणखी बारा वाहनं. प्रवासी खाली उतरून विचारू लागले, काय चाललंय. कुणीतरी सांगितलं, "पलीकडे जायचंय." कशासाठी ते कुणीच विचारलं नाही. सगळे पलीकडे गेले. तिथे काही नाही असं बघून सगळे परत आले. माझं यंत्र एवढं गरम झालं होतं की ते मी रुमालात धरलं.

या सगळ्यात मला आत्या दिसली. ती खाली उतरली होती. ठेवणीतले कपडे, नवी पिशवी, केस नीट विंचरलेले. फूटपाथच्या कडेला उभी राहून एक पाय पुढे टाकत होती आणि मागे घेत होती.

"आत्या, ये ना."

"कशी येऊ? जागाच नाहीये गं. मघापासून बघतेय. आधी गाड्या जाऊ देत नव्हत्या, आता माणसं देत नाहीत."

तिच्यासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते आणि त्या तासात त्या रस्त्याने पलीकडे न गेलेली ती एकटीच होती. कुत्रंसुद्धा दोनदा गेलं.

पावणेपाचला आमच्या वॉर्डाचे नगरसेवक आले. एवढी गर्दी, अडकलेली बस, हुंकार. त्यांना वाटलं मोर्चा आहे. ते थेट सोफ्यापाशी गेले. सोफा रस्त्याच्या मधोमध टेकवलेला होता, कारण उचलणारे दमले होते. नगरसेवक त्यावर चढून उभे राहिले.

"मागणी काय आहे तुमची?"

"पट्टे," टेलरकाका धापा टाकत म्हणाले. ही त्यांची एकेचाळिसावी फेरी होती.

"फक्त पट्टे?" नगरसेवकांना ते कमी वाटलं. एवढ्या गर्दीपुढे चार पट्टे कबूल करायचे म्हणजे त्यांनाच लाजिरवाणं. "बंधूंनो, भगिनींनो, पट्ट्यांवर तुमची बोळवण होऊ देणार नाही. याहून मोठं काहीतरी देऊ."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. एका हाताने वाजत नाहीत म्हणून यंत्र मांडीवर ठेवून वाजवल्या, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पाच वाजता नियमकाकांनी घड्याळ उचललं. आकडा होता एक हजार एकशे त्रेचाळीस.

"काका, हा आकडा खरा आहे, पण बरोबर नाही," मी म्हणाले. "मोजतोय हे कळल्यामुळे लोकांनी वागणं बदललं. तसा शेरा लिहायला हवा."

नियमकाकांनी तक्ता उलटसुलट करून बघितला. "शेऱ्याला रकाना नाही." आणि त्यांनी सही केली.

खरं सांगायचं तर मी फार हट्ट धरला नाही. साठ हवे होते आणि त्याच्या एकोणीसपट मिळाले होते. एव्हाना परत वर गेलेली आत्या खिडकीतून म्हणाली, "मग आता मला मिळणार ना पट्टे?"

"एकोणीस वेळा मिळणार," मी म्हणाले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आत्याने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. या ठिकाणी पादचाऱ्यांची संख्या तासाला आठशेहून अधिक आढळल्याने येथे पट्टे देणे सुरक्षित नाही. सबब पट्ट्यांचा अर्ज नामंजूर करण्यात येत असून, माननीय नगरसेवकांच्या शिफारशीनुसार पादचारी पूल मंजूर करण्यात येत आहे. पायऱ्या: प्रत्येक बाजूस अठ्ठावन्न.

आत्याने पत्र खाली ठेवलं. गुडघ्यावर हात ठेवला.

"अठ्ठावन्न चढायच्या," ती म्हणाली, "आणि अठ्ठावन्न उतरायच्या. एवढं करून वाचनालयात पोचल्यावर मी काय वाचू? मृत्युपत्र?"

मी तडक नियमकाकांकडे गेले. "आठशेच्या वर गेलं तर पट्टे मिळत नाहीत, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही किमान किती ते विचारलंत," काका शांतपणे म्हणाले. "कमाल कुणी विचारलीच नाही."

विज्ञानाच्या विद्यार्थिनीने दोन्ही मर्यादा विचारायला हव्या होत्या. घरी येऊन मी कपाटातली ती 'उत्तम' शेऱ्याची वही मागच्या कप्प्यात सरकवली.

आत्या मला रागावलीसुद्धा नाही, हे सगळ्यात वाईट. फक्त चारला फोन करायचं बंद केलं. खिडकीचा पडदाही लावून घेतला.

पण पंधरा दिवसांनी एका दुपारी तिचाच मला फोन आला, तोही चार वाजता. "उभा सातवा मी सोडवला," ती म्हणाली. मागे बायकांच्या हसण्याचे आवाज.

"कुठून बोलतेयस?"

"वाचनालयातून. चालत आले. तू येऊन बघ काय झालंय."

मी सायकल काढली आणि दामटत गेले. पुलाच्या पायाची माती तपासायला माणसं येऊन गेली होती. त्यांनी रस्त्याच्या मधोमध दोन खड्डे खणले होते, भोवती केशरी पिंपं नागमोडी मांडली होती आणि दोन्ही टोकांना 'काम चालू' असा फलक लावून ती निघून गेली होती. त्या पिंपांमधून स्कूटर, ट्रक, बस, सगळी वाहनं अशी चालली होती जणू शेजारी कुणीतरी झोपलंय. दोन वाहनांमधली फट मी तिथल्या तिथे मोजली. एकतीस सेकंद. आत्याला तेवीस लागतात. वर आठ सेकंद शिल्लक. तेवढ्यात ती मधल्या पिंपाला टेकून जरा दम खायची.

"पट्ट्यांपेक्षा हे बरं," आत्या म्हणाली. "टेकायला काहीतरी आहे."

दोन महिने असे सुखाने गेले. काम चालू होतं, म्हणजे कुणीही तिकडे फिरकत नव्हतं. आत्या रोज चारला जायची, साडेपाचला यायची. मैत्रिणी पुन्हा तिच्यासाठी कोडं राखून ठेवू लागल्या. टेलरकाकांनी तर एका पिंपावर घड्या घातलेले कपडे ठेवायला सुरुवात केली होती.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण पत्रात लिहिलं होतं, 'काम सहा महिन्यांत पूर्ण करण्यात येईल.' मी दिवस मोजले. एकशे बारा उरले होते. मला झोप येईना. शेवटी मी एक सविस्तर अर्ज लिहिला: वाहनांच्या वेगाचा तक्ता, फटीचा आलेख, आणि खाली विनंती की पुलाचं काम शक्य तितकं लांबवावं. आवक खिडकीवर दिला, शिक्का घेतला, क्रमांक घेतला आणि प्रत घेऊन नियमकाकांच्या टेबलापाशी गेले.

काकांनी अर्ज वाचला. परत वाचला. चष्मा काढला.

"ताई, काम लांबवायला अर्ज कशाला? ते पडलंच होतं की. कुणाला आठवतसुद्धा नव्हतं."

"मग बरंच झालं."

"झालं असतं. आता तुमचा अर्ज आलाय. अर्ज आला की फाईल काढावी लागते. फाईल काढली की काम दिसतं. दिसलं की साहेब विचारतात, हे अजून का झालं नाही?"

"मग मी अर्ज परत घेते."

"आवक झालीय ना?"

"झालीय," मी म्हणाले. "क्रमांकसुद्धा घेतला."

काकांनी अशा नजरेने माझ्याकडे बघितलं की त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खुर्चीत बसले. डोळ्यांपुढे आत्या आली, पहिली पायरी चढताना. उरलेल्या सत्तावन्न आणि पलीकडच्या अठ्ठावन्न मला मोजवेनात. आयुष्यात पहिल्यांदा.

"ती पुलावर चढणार नाही हो, काका," मी म्हणाले. "पुन्हा खिडकीत बसेल. या खेपेला खरंच बसेल."

नियमकाकांनी पंख्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. खुर्ची थोडी पुढे ओढली. तीस वर्षांत त्यांनी कुणाला नियम सोडून काही सांगितलं नसेल, आणि तेव्हाही सांगितलं नाही; त्यांनी फक्त दुसरा नियम सांगितला.

"कुठल्याही अर्जावर हरकत आली," ते हळू आवाजात म्हणाले, "तर सुनावणी होते. सुनावणी संपेपर्यंत जागेवरची परिस्थिती जैसे थे ठेवावी लागते. एक पिंपसुद्धा हलवता येत नाही."

"आणि सुनावणी संपते कधी?"

काकांनी पुन्हा वर पंख्याकडे बघितलं. मला कळलं.

"पण माझ्या अर्जावर हरकत घेणार कोण?"

"रस्त्याच्या कडेला राहणारी कुणीही व्यक्ती. शक्यतो अर्जदाराशी मतभेद असलेली."

अशा रीतीने आत्याने माझ्याविरुद्ध हरकत नोंदवली. मी अर्जदार, ती हरकतदार. मागच्या मंगळवारी पहिली सुनावणी झाली. आम्ही दोघी बरोबरच गेलो, आत्याने पिंपांमधून जाताना माझा दंड धरला होता. वाटेत मी तिला पढवलं, "फार काही बोलू नकोस. एवढंच सांग, 'मला या मुलीचं म्हणणं मान्य नाही.' बाकी काका बघून घेतील."

"मला काय बोलता येत नाही का?" आत्या म्हणाली. "बत्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय."

सुनावणी घ्यायला एक अधिकारी बाई होत्या, फार कडक आणि फार लक्षपूर्वक ऐकणाऱ्या. त्यांनी आत्याला विचारलं, "या मुलीबद्दल तुमची नेमकी काय हरकत आहे?"

आत्या उभी राहिली आणि तिने वाक्य अगदी पढवल्यासारखं म्हटलं. मग तिथेच थांबायचं सोडून तिने श्वास घेतला आणि पुढे बोलायला लागली. मी उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आले की पंखा बंद करत नाही. शिवणाच्या कात्रीने कागद कापते. तिचं बोलणं चालू असताना 'हो हो' म्हणते आणि ऐकत नाही. आणि मुख्य म्हणजे मी तिच्याकडून डबे भरून नेते आणि परत आणत नाही. या घडीला तिचे पाच डबे माझ्याकडे आहेत, त्यातला एक झाकणाचा आहे, तिला रोज लागतो. एकूण एकवीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

मी नियमकाकांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि तिथल्या तिथे आदेश सांगितला. पुलाचं प्रकरण गुंतागुंतीचं असल्याने जागेवरची परिस्थिती जैसे थे राहील, पुढची सुनावणी चार महिन्यांनी. डबे मात्र अर्जदाराने सात दिवसांत धुऊन परत करावेत.